वाऱ्यात ठेवलेली बादली

मित्रांनो, मी पत्र्याची बादली आहे. वयाने जुनी, एका अंगाने चेपलेली आणि आवाजाने कर्कश. आधी जन्म सांगायचा, मग कष्टाचे दिवस, आणि जे काही दुःखाचं असेल ते शेवटी, अशी आपली कहाणी सांगायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण मी पडले पत्र्याची. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, की माझ्यामुळे एक बाई सरोवरात बुडून मेली. आता बाकीचं ऐका.

माझा जन्मच मारहाणीत झाला. ज्या पत्रेवाल्याने मला घडवलं तो कानाने कमी ऐकायचा, त्यामुळे हातोड्याचा आवाज पुरेसा वाटेपर्यंत तो घाव घालत राहायचा. आधी त्याने मला मोठ्या कात्रीने कापलं, मग लोखंडी नळीवर वाकवलं, मग कडा दुमडून त्या ठोकल्या. तळ बसवताना तर त्याने मला चक्क पायाखाली दाबून धरलं होतं. शेवटी कडी अडकवून त्याने मला उचलून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "पातळ आहे जरा, पण उचलायला किती हलकी बघ!" आयुष्यात झालेली ती माझी पहिली स्तुती. मी हुरळून गेले. पातळ असणं कुणाच्या जिवावर बेतेल, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं!

मला नेलं ते बंदरावरच्या आकडेमास्तरांनी. दारावरच्या पाटीवर त्यांचं पद 'हवामान निरीक्षक' असं लिहिलेलं होतं. पण दिवसभर वाऱ्याचे, पाण्याचे आणि हवेचे आकडे लिहीत बसणाऱ्या माणसाला बंदरावरचे लोक दुसरं काय म्हणणार? मास्तर साठीला टेकले होते. माझ्याआधी त्यांच्याकडे एक लाकडी बादली होती, जाड फळ्यांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. भरली की ती धोंड्यासारखी जड व्हायची. एके दिवशी ती धक्क्यावरून वर ओढताना मास्तरांचा खांदा निखळला आणि दोर हातात धरून ते तिथेच ओरडत बसले. त्यानंतर मी आले. लाकडी बादलीला कचेरीत शेगडीजवळ बसवून तिच्यात कोळसा भरायला लागले. मी तिला टोमणे मारायची एक संधी सोडली नाही. "काय आजी, आज किती कोळसा खाल्ला?" ती गप्प बसायची. लाकूड फार बोलत नाही.

आता सरोवराबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आमचं सरोवर इतकं मोठं आहे, की बोटीने पलीकडे जायला दोन तास लागतात, आणि पलीकडचा काठ फक्त स्वच्छ हवेत एका निळ्या रेघेएवढा दिसतो. चित्रात सरोवर नेहमी शांत असतं. चित्रकार उन्हाळ्यात येतात, सकाळी येतात आणि जेवायच्या वेळेला निघून जातात, म्हणून तसं होतं. आम्ही तिथे बाराही महिने असतो. धक्क्याचे दगड उपटून फेकताना आम्ही त्याला पाहिलं आहे.

जमीन आणि पाणी यांचे स्वभाव वेगळे आहेत. जमीन शीघ्रकोपी. ऊन पडलं की तापते, ऊन गेलं की निवते. पाण्याला मात्र तापायला महिने लागतात. ऊन त्याच्यात खोल शिरतं, लाटा ती ऊब ढवळून खाली नेतात, आणि मुळात पाण्याला एका अंशाने तापवायलाच फार उष्णता लागते. एकदा तापलं की मात्र ते ती ऊब लवकर सोडत नाही. उन्हाळाभर सोसलेलं ऊन ते झाडांची पानं गळून जाईपर्यंत पोटात धरून ठेवतं. "सरोवर डूख धरतं," असं मास्तर म्हणायचे.

उन्हाळ्यात दुपारी जमिनीवरची हवा तापून वर चढते आणि तिच्या जागी सरोवरावरची गार हवा धावत येते. बंदरावरचे लोक तेव्हा खुर्च्या बाहेर टाकून बसतात आणि सरोवराचं कौतुक करतात. तोच गार वारा आत दहा-बारा मैलांवर तापलेल्या हवेला जाऊन धडकतो, तिला वर ढकलतो, आणि तिथे ढग उकळायला लागतात. एका उन्हाळ्यात तिथल्या शाळेवर वीज पडून छपराच्या चिंधड्या उडाल्या आणि गारांच्या माराने दोन गाई उभ्याउभ्या मेल्या. नेमक्या त्याच वेळी आमच्या धक्क्यावर लोक लख्ख उन्हात जाळी वाळवत होते. एकाच सरोवराने एकाच दुपारी या दोन्ही गोष्टी केल्या होत्या.

थंडीच्या तोंडाशी सगळं उलटं होतं. जमीन गारठते, पण सरोवर अजून उबदार असतं. पलीकडच्या काठावर सफरचंदांच्या बागा आहेत, त्या या उबेच्या जिवावर. आमच्याकडून निघालेला वारा पाण्यावरून जाताना जरा शेकून निघतो, म्हणून तिकडे कडाका उशिरा पडतो आणि फळं दोन आठवडे जास्त झाडावर राहतात. थंडी सरतानासुद्धा गार पाणी झाडांचा फुलोरा लांबवतं, त्यामुळे उशिराच्या कडाक्यात कळ्या जळत नाहीत. तीच झाडं काठापासून लांब आत नेऊन लावली तर धड दोन वर्षं फळ देणार नाहीत.

हे झालं सरोवराचं लाड करणं. त्याचं मारणंही याच उबेतून येतं. उत्तरेच्या माळावरून जेव्हा हाडं फोडणारा वारा सुटतो, तेव्हा तो पाण्यावरून जाताना खालून तापतो आणि वाफ पीत जातो. तापलेली ओली हवा वर उसळते, वरची गार हवा खाली आदळते, आणि बघता बघता वाऱ्याच्या दिशेने ढगांचे लांबच लांब पट्टे तयार होतात. प्यायलेलं सगळं पाणी तो वारा पलीकडच्या काठावर बर्फ करून ओकतो. पट्टा कधी कधी इतका अरुंद असतो, की एका गावात दारं बर्फात बुजतात आणि शेजारच्या गावात कपडे वाळत असतात. पाणी आणि हवा यांच्या उबेत जेवढा फरक जास्त, तेवढा हा मार मोठा.

म्हणून कचेरीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत 'तेरा' असं लिहिलेलं होतं. पाणी हवेपेक्षा तेरा अंशांनी किंवा त्याहून जास्त उबदार असेल, तर आमच्या बंदरात लाल बावटा चढायचा आणि बोटी बाहेर पडायच्या नाहीत. मास्तर तोच आकडा फोनवरून पलीकडच्या बागेच्या मुकादमाला कळवायचे. तेरा असेल तर तिकडे भोंग्याजवळ माणूस बसायचा आणि दर मिनिटाला भोंगा वाजवायचा, म्हणजे आधीच पाण्यात असलेल्या बोटींना बर्फातही धक्का सापडावा. आकडा कमी असेल तर भोंग्याच्या खोलीला कुलूप आणि सगळी माणसं फळं पेट्यांत भरायला.

आता माझं काम. रोज सकाळी सात वाजता मास्तर मला दोराने पाण्यात सोडायचे, वर ओढायचे आणि धक्क्याच्या टोकाला असलेल्या दगडी खांबावर ठेवायचे. मग लगेच तापमापक बुडवायचे का? छे! "पाणी आधी शांत होऊ द्यावं, मग त्याला विचारावं," असं त्यांच्या आधीच्या मास्तरांनी त्यांना शिकवलं होतं. ढवळलेलं पाणी घाईने मोजणं त्यांना कामचुकारपणाचं वाटायचं. मला खांबावर सोडून ते कचेरीमागे पांढऱ्या पेटीत टांगलेल्या तापमापकावर हवेचा आकडा बघायला जायचे, चष्मा पुसायचे, वाऱ्याची दिशा लिहायचे आणि बरोबर सात मिनिटांनी परत यायचे. घड्याळ बघून सात. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही घाई केली नव्हती.

लाकडी बादलीत त्याने काही बिघडत नव्हतं. जाड फळ्या ऊब धरून ठेवायच्या. माझ्या ओल्या, पातळ अंगाला मात्र वारा लागला की आतली ऊब पळून जायची. वारा पडलेला असेल त्या दिवशी माझा आकडा चोख असायचा. वारा जोराचा आणि हवा कडाक्याची असेल तेव्हा सात मिनिटांत माझ्यातलं पाणी दोन अंशांनी उतरायचं. म्हणजे ज्या दिवशी माझ्या आकड्यावर माणसांचा जीव अवलंबून असायचा, नेमकं त्याच दिवशी मी खोटं बोलायचे. मला ते कळत होतं. पण बादलीला विचारतं कोण? मी थरथरून खणखणले, तर मास्तर म्हणायचे, "कडी सैल झाली वाटतं."

अशी चार वर्षं गेली. दोनदा बावटा नसताना वादळ आलं. पहिल्यांदा एका बोटीची डोलकाठी मोडून एका कोळ्याचा पाय चिरडला, दुसऱ्यांदा एक रिकामी बोट फुटली. लोकांनी नशिबाला शिव्या दिल्या. आकड्यावर कुणी संशय घेतला नाही, कारण मास्तर किती काटेकोर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

मग तो दिवस आला. पानगळ संपत आली होती आणि बागेतली शेवटची तोडणी राहिली होती. रोज सकाळी आमच्या बंदरातून दहा बायका फळं तोडायला पलीकडे जायच्या. त्यांना नेणारी बोट मास्तरांची एकुलती एक लेक चालवायची. तिला सगळे बोटवाली म्हणायचे. तिचा आवाज माझ्याहून मोठा होता आणि मला ती फार आवडायची.

त्या दिवशी पहाटेच वारा फिरला होता. माझ्यात पाणी आलं ते चौदा अंशांचं, हे मी शपथेवर सांगते. मास्तरांनी मला खांबावर ठेवलं आणि ते गेले. वारा माझ्यावर तुटून पडला. मी खांबावर थडथड हलत होते आणि ऊब माझ्या अंगातून निघून जात होती. सात मिनिटांनी मास्तर आले, त्यांनी तापमापक बुडवला आणि वहीत लिहिलं: पाणी बारा, हवा शून्य, फरक बारा.

धक्क्याला लागलेल्या बोटीत तेव्हा दोन जावांचं भांडण चाललं होतं. एकाच घरातल्या त्या दोघी, एक मोठी आणि एक धाकटी. बोटीत इंजिनाजवळची जागा तेवढी उबदार असायची आणि धाकटी तिथे आधी जाऊन बसली होती.

"ऊठ. ती माझी जागा आहे," मोठी म्हणाली. "माझे गुडघे तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुने आहेत."

"मग गुडघ्यांना सांगा ना जाऊबाई, जरा लवकर उठत जा म्हणून!"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. मोठीने धाकटीला दंडाला धरून उठवलं. धाकटी तोंड वेडावत मागच्या कठड्यापाशी जाऊन बसली.

बोटवालीने दोर सोडता सोडता वर पाहिलं. "बाबा, किती?"

"बारा."

"एकच कमी आहे की."

"एक कमी म्हणजे कमी," मास्तर म्हणाले. "ढगांकडे बघून घाबरायचं असेल तर मग मी आकडे कशाला लिहितो?"

"घाबरतंय कोण! तुमचा आकडा आहे ना, मग झालं." तिने इंजिन चालू केलं आणि बोट निघाली. मास्तरांनी मुकादमाला फोन करून बारा सांगितले. पलीकडे भोंग्याच्या खोलीला कुलूप लागलं.

तासाभराने सरोवरातून वाफ निघायला लागली. उकळत्या पातेल्यावर निघते तशी, पण नजर पोचेल तिथपर्यंत. वाफेचे खांब उभे राहिले आणि गरगर फिरू लागले. मग वारा खरा सुटला. त्याने पहिल्या तडाख्यात कचेरीच्या खिडकीची काच आत फेकली. दुसऱ्या तडाख्यात मासळीच्या कोठाराचं छप्पर उचललं, आणि त्यातला एक पत्रा उडत येऊन एका कोळ्याच्या खांद्यात रुतला. तो रक्ताने न्हाऊन निघाला होता. लोकांनी त्याला कचेरीत आणून मास्तरांच्या टेबलावर आडवं केलं.

चार कोळी बोटवालीला शोधायला निघायच्या तयारीत होते. ते धक्क्यावर धावले आणि तसेच उभे राहिले. बंदरात पाणीच नव्हतं. मोठ्या सरोवरावर वारा एकाच दिशेने रेटा देत राहिला की तो पाणीसुद्धा पलीकडच्या काठाकडे ढकलतो. आमच्या बंदराचं पाणी तसं ओसरलं होतं आणि बोटी चिखलात कुशीवर पडल्या होत्या. "न्यायची कशी? उचलून?" असं ओरडत एका कोळ्याने वल्हं धक्क्यावर आपटून मोडलं.

मास्तर मला घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले. तिथे तेवढं पाणी उरलं होतं. त्यांना काय करायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नसावं. लेक वादळात सापडली होती आणि त्यांना एकच काम येत होतं. त्यांनी मला सोडलं, ओढलं, आणि तेवढ्यात वाऱ्याने त्यांना दगडावर पाडलं. कपाळ फुटलं. खांबावर ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून भिंतीच्या आडोशाला बसून त्यांनी मला गुडघ्यांत दाबून धरलं आणि तापमापक तसाच आत घातला.

चौदा.

मित्रांनो, मास्तरांचा चेहरा मी तेव्हा अगदी जवळून पाहिला. त्यांना सगळं कळलं होतं. त्याच क्षणी उठून फोनकडे धावायला हवं होतं. मास्तर धावले नाहीत. त्यांनी माझ्यात परत पाणी भरलं, मला वाऱ्याच्या तोंडाशी धरलं आणि खिशातलं घड्याळ बाहेर काढलं. पाणी शांत झाल्यावर आकडा बाराच येईल, चौदा हा घाईचा आकडा असेल, आपण सव्वीस वर्षं बरोबरच होतो, असं त्यांना त्या सात मिनिटांत सिद्ध करायचं होतं. मी त्यांच्या हातात जिवाच्या आकांताने खणखणत होते. कपाळातलं रक्त माझ्यात ठिबकत होतं. सात मिनिटांनी त्यांनी बघितलं. आकडा बाराच आला होता. पण तो का आला हे त्यांना आता स्वतःलाच फसवल्याशिवाय नाकारता येईना. कोवळं लेकरू रडावं तसे ते रडले आणि मला तिथेच टाकून धावले.

फोनवर घरघर होती. कचेरीत दहा-बारा माणसं होती, टेबलावर तो जखमी कोळी कण्हत होता.

"आकडा चुकला!" मास्तर ओरडले. "ऐकू येतंय का? माझा आकडा चुकला!"

"काय? कुणाचा?" मुकादम पलीकडून ओरडला.

"माझा! मी चुकलो! चौदा आहे! भोंगा लावा, माझी पोरगी पाण्यात आहे!"

तीन वेळा त्यांना तेच ओरडावं लागलं.  मोडलेल्या वल्ह्याचा तो कोळी पुढे आला आणि मास्तरांच्या तोंडावर थुंकला.

पलीकडे काय झालं ते मी नंतर बोटवालीच्या तोंडून ऐकलं. बर्फ इतकं दाट होतं, की तिला सुकाणूवरचा स्वतःचा हात दिसत नव्हता. हवा तोवर शून्याच्या खूप खाली उतरली होती; लाटा बोटीत येऊन पडत होत्या आणि त्यांचं पाणी फळ्यांवर गोठत चाललं होतं. बायका फळांच्या रिकाम्या पाट्यांनी पाणी बाहेर फेकत होत्या. ती तासभर अंदाजाने बोट हाकत होती. भोंगा ऐकू आला तेव्हा तिला कळलं, की धक्का डावीकडे राहिला आहे आणि समोर खडक आहेत. तिने अख्ख्या अंगाचा भार टाकून सुकाणू फिरवलं. बोटीचं तोंड वाचलं. मागची बाजू खडकावर आपटली, कठडा उखडला, आणि धाकटी त्या कठड्यासकट गेली. बाकीच्यांना मुकादमाच्या माणसांनी दोर टाकून ओढून काढलं. कुणाच्या बरगड्या मोडल्या, कुणाची बोटं थंडीने काळी पडून कापावी लागली. बोटवालीचा डावा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. धाकटी सापडली नाही.

सात मिनिटं आधी बोट मोकळ्या पाण्यात होती; भोंगा तेव्हाच वाजला असता, तर ती खडकांपर्यंत गेलीच नसती. हे बोटवालीने बापाला सांगितलं नाही. वेळा जुळवून बापानेच ते शोधून काढलं.

तिसऱ्या दिवशी मोठी कचेरीत आली. तिच्या गालावर थंडीने फोड आले होते. ती आत शिरली, धक्क्यावरून आणून दाराशी टाकलेली मी तिच्या हाताला लागले, आणि तिने मला उचलून मास्तरांच्या डोक्यात घातलं. मग पाठीत, मग परत डोक्यात. माझं अंग चेपलं ते तेव्हा. मास्तरांनी हात वर केला नाही. "मी उठवलं होतं तिला!" ती किंचाळत होती. "ती आधी बसली होती! मी उठवलं! तुझा बारा ऐकून बसलो आम्ही बोटीत!" दोन माणसांनी तिला मागे ओढलं, तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "कधी कळलं तुला? आकडा खोटा आहे हे कधी कळलं?"

मास्तरांना काहीही सांगता आलं असतं. ते म्हणाले, "फोन करायच्या सात मिनिटं आधी. माझी खात्री पटली होती. तरी मी थांबलो."

 मोठीने मला खाली सोडलं आणि ती निघून गेली.

पुढे मुख्य कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. त्यांनी वही पाहिली, बारा आकडा पाहिला, आणि सगळं नियमाप्रमाणे आहे, विषय संपवा, असं सांगितलं. मास्तरांनी त्यांच्यासमोर त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं: 'बादली पातळ. सात मिनिटं वाऱ्यात ठेवली. आकडा खोटा. खरा आकडा कळल्यावरही सात मिनिटं उशीर केला.' खाली सही केली. मग त्यांनी सरोवराभोवतीच्या प्रत्येक बंदराला पत्र लिहिलं, की पत्र्याच्या बादल्यांना लोकरीचं जाड आवरण शिवा, भिंतीच्या आडोशाला बसा आणि मिनिटाच्या आत आकडा वाचा. उत्तरं आली तेव्हा कळलं, की आणखी पाच बंदरांत माझ्यासारख्याच बहिणी वाऱ्यात ठेवल्या जात होत्या. मलाही आवरण मिळालं. लाकडी बादली परत आणता आली असती तर बरं झालं असतं, पण कोळशाने तिचा तळ केव्हाच खाल्ला होता. मी तिला टोमणे मारणं बंद केलं.

वर्षभराने पानगळीच्या दिवसांत एका सकाळी सात वाजता मास्तर धक्क्यावर आले, तर मोठी तिथे उभी होती.  दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी परत माळावरचा वारा सुटला होता.  मास्तरांनी मला कसंबसं वर ओढलं, आणि मोठीने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. ती वाऱ्याकडे पाठ करून खाली बसली, मला पोटाशी धरलं, वरून शाल ओढली आणि म्हणाली, "वाचा. आत्ताच्या आत्ता."

मास्तरांनी तापमापक बुडवला. फरक पंधरा निघाला. बावटा चढला.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळ मोठं पाणी असेल तर त्याची ऊब आणि त्याचा मार एकाच पोटातून येतात हे विसरू नका. त्याला रोज विचारा, लगेच ऐका, आणि ज्या भांड्यातून विचारता ते भांडंही तपासून घ्या. आणि आपण चुकलो असं कळलं, तर खात्री करायला परत सात मिनिटं थांबू नका. एका पत्र्याच्या बादलीची तुमच्याकडे एवढीच मागणी आहे.

त्या दिवशी आकाश निळंभोर होतं. बोटी बांधून ठेवलेले कोळी बावट्याकडे बघून कुरकुरत होते. "उगाच एक दिवस बुडवला म्हातारीने," एक जण म्हणाला. दहाच्या सुमाराला वारा आला. त्याने धक्क्याचे तीन दगड उपटले, कोठाराचं नवं छप्पर नेलं आणि पलीकडच्या बागेत छातीएवढं बर्फ टाकलं. मोठी दिवसभर कचेरीच्या खिडकीशी उभी होती. संध्याकाळी वारा पडल्यावर ती खाली धक्क्यावर उतरली आणि तिने बांधलेल्या बोटी मोजल्या. अठराच्या अठरा होत्या. तिने त्या परत एकदा मोजल्या आणि घरी गेली.